उनाड मुलगा आणि मोजपट्टी

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतले की आपण सारे आदराने सावरून बसतो. आज त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग मी जरा निराळ्या कारणासाठी सांगणार आहे. १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले होते. परत आल्यावर त्यांनी स्नान करावे, असा जैन बोर्डिंगचा आग्रह. तो त्यांनी मानला नाही आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. शिक्षणही मॅट्रिकच्या आतच थांबले. आता अशा मुलाविषयी कोणाही व्यवस्थापकाने दप्तरात काय शेरा मारला असता? 'हट्टी, शिस्त न मानणारा.' शेरा खोटा नव्हता, अपुरा होता. अशा शेऱ्याच्या जागी शास्त्र आणण्याची खटपट आपल्याकडे कशी झाली, तोच आजचा विषय.

पूर्वी उनाड मुलाविषयी सरकारला एकच प्रश्न पडे : याने केले काय? मुंबईत डेव्हिड ससून सुधारशाळा १८५७ साली निघाली, सुधारशाळांचा कायदा १८७६ साली झाला. पण त्या साऱ्यांत तुरुंगाची सावली होतीच. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये असावीत असे सुचविले. पाठोपाठ मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली बालकांचा कायदा केला. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. आता प्रश्न बदलला होता : हा मुलगा आहे तरी कोण?

त्या प्रश्नाला उत्तर देण्याची साधने मात्र परदेशी होती. पॅरिसमध्ये बिने आणि सिमों यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी. आपल्याकडे वि. वि. कामत यांनी तिचे मराठी आणि कानडी संस्करण सिद्ध करून १९३४ साली प्रसिद्ध केले. हे नुसते भाषांतराचे काम नव्हे. पॅरिसच्या मुलाला ठाऊक असलेली वस्तू धारवाडच्या मुलाने पाहिलेलीच नसली, तर त्याचे चुकलेले उत्तर बुद्धीचे की परिसराचे? म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांवर घासून पाहावा लागतो, कोणत्या वयाला तो बहुतेकांना सुटतो हे ठरवावे लागते. कामतांच्या या कष्टाचे मोल आपण पुरेसे ओळखले नाही, असे मला वाटते.

परंतु बुद्धी मोजली म्हणजे स्वभाव मोजला असे होत नाही. चोरी करणारा मुलगा पुष्कळदा चांगला तल्लख असतो! स्वभावासाठी वुडवर्थ यांची प्रश्नावली पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांकरिता निघाली : 'होय' किंवा 'नाही' एवढेच सांगावयाचे. तिच्यातील अडचण कोणाही शिक्षकाच्या ध्यानात येईल. आपले उत्तर कोणाच्या हाती पडणार हे मुलाला चांगले कळते, आणि तो तसेच उत्तर देतो. म्हणून रोर्शाक यांनी १९२१ साली शाईचे डाग दाखवून, तर मॉर्गन आणि मरे यांनी १९३५ साली चित्रांवरून गोष्ट सांगावयास लावून, आडवाटेने मनात शिरण्याचा यत्न केला. तेथे दुसरी अडचण. चित्रातील माणसे आणि घरे परकी. शिवाय गोष्टीचा अर्थ लावणाऱ्याचे मन त्या अर्थात मिसळतेच.

या सर्वांत मला मोलाची वाटते ती मुंबईची एक घटना. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा सुरू झाली आणि १९३७ साली तिच्या जोडीला बालमार्गदर्शन केंद्र उघडले. अशा केंद्राची पद्धती अशी की वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक या तिघांनी एकाच मुलाचा विचार करावयाचा. समाजसेवकाने घरी जाऊन यावयाचे : खोलीत माणसे किती, बाप कामावर केव्हा जातो, सावत्र आई आहे काय, शाळा कधीपासून बुडते. कसोटीचा निकाल हा त्या फाइलीतला एक कागद. तो सगळी फाइल नव्हे.

पुढे तो एक कागदच वजनदार होत गेला, कारण आकडा वाचावयास सोपा. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्राचे मालिन यांनी वेक्सलरच्या मोजपट्टीचे भारतीय रूप १९६९ साली तयार केले आणि ते देशभर गेले. २०१५ च्या बालन्याय कायद्याने तर या मापनाला अगदी निर्णायक जागी आणून बसविले : सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक कुवत आणि परिणामांची समज पाहून त्याचा खटला प्रौढांप्रमाणे चालवावा काय, हे ठरावयाचे. हरियाणातील एका प्रकरणात आक्षेप निघाला की पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेली मालिन यांची मोजपट्टी सोळा ओलांडलेल्या मुलाला लावली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने हे काम नाजूक असून त्याला तज्ज्ञ लागतात असे सांगितले, आणि मार्गदर्शक तत्त्वे करण्याचा विचार सरकारने व बालहक्क आयोगांनी करावा असे सुचविले.

त्याच कायद्यात परिवीक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करून अहवाल द्यावा, अशीही तरतूद आहे. मुंबईच्या केंद्रातला समाजसेवक घरी जाऊन जे विचारीत असे, तेच या अधिकाऱ्याला विचारावयाचे असते.