ब्रिटनच्या शाळांतील ‘विकास शिक्षण’ आणि सरकारी पैसा

जगातील गरिबी, व्यापार, कर्जबाजारीपणा आणि परकीय मदत या विषयांची शालेय विद्यार्थ्यांना ओळख करून देण्यास ब्रिटनमध्ये ‘विकास शिक्षण’ म्हटले जाते. या उपक्रमांना सरकारी पैसा मिळाला तो मुख्यतः शिक्षण खात्याकडून नव्हे, तर परदेशांना मदत देणाऱ्या खात्याकडून. ज्या खात्याच्या कामाची वर्गात चिकित्सा व्हायची, तेच खाते खर्च उचलणार, ही अडचण त्यामुळे आरंभापासूनच होती.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मजूर पक्षाच्या मंत्री ज्युडिथ हार्ट यांनी या कामासाठी निधी सुरू केला. १९७९मध्ये सत्तांतर झाले आणि थॅचर सरकारने तो गुंडाळला. त्यानंतर ऑक्सफॅमसारख्या संस्था व ठिकठिकाणची छोटी केंद्रे यांनीच हे काम तगवून धरले. १९९७मध्ये मजूर पक्ष परतला, क्लेअर शॉर्ट यांच्याकडे आंतरराष्ट्रीय विकासाचे स्वतंत्र खाते आले आणि शाळांसाठी पुन्हा पैसा वाहू लागला. आफ्रिका व आशियातील शाळांशी ब्रिटिश शाळांची जोडी जमविण्याची योजनाही याच काळातली.

प्रत्यक्ष वर्गात काय शिकवले जाई, हा प्रश्न निराळाच. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांतील भूगोलात ‘भारतातील एक खेडे’ असा घटक होता. त्यासाठी अ‍ॅक्शनएड संस्थेने तमिळनाडूतील निलगिरीच्या चेंबाकोली गावावर तयार केलेला संच अनेक शिक्षक वापरीत. संच मेहनतीने केलेला होता; पण मुंबई-पुण्याचा पत्ता नसलेल्या मुलांच्या मनात भारत म्हणजे डोंगरातले एक खेडे, एवढेच चित्र उरण्याचा धोका त्यात होता. कणव उत्पन्न होते, कारणे मात्र कळत नाहीत, हा आक्षेप या क्षेत्रातील जाणकारांनीच वारंवार घेतला आहे.

दुसरा आक्षेप प्रचाराचा. १९९६च्या शिक्षण कायद्यानुसार शाळांत पक्षपाती राजकीय मतांचा प्रसार करण्यास मनाई आहे. हवामानबदलावरील अल गोर यांचा चित्रपट शिक्षण खात्याने शाळांना वाटला, तेव्हा २००७मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेले. समतोल मार्गदर्शिकेसह तो दाखविता येईल, असा निकाल लागला. मदत खात्याच्या पैशातून चालणाऱ्या पाठांनाही हीच कसोटी लागू होते.

२०१०मध्ये हुजूर पक्षाचे मंत्री अँड्र्यू मिचेल यांनी, गरिबांसाठीचा पैसा ब्रिटनमध्येच का खर्च व्हावा, असे विचारीत जनजागृतीच्या योजना थांबविल्या. गंमत अशी, की त्याच सरकारने २०१३मध्ये ७ ते १४ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘ग्लोबल लर्निंग प्रोग्रॅम’ सुरू केला. २०१८मध्ये तो संपल्यावर त्याची जागा ब्रिटिश कौन्सिलबरोबरच्या योजनेने घेतली. तीही पुढे बंद झाली. सप्टेंबर २०२०मध्ये विकास खातेच परराष्ट्र खात्यात विलीन झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के असलेली मदत २०२१मध्ये ०.५ टक्क्यांवर आली आणि २०२७पर्यंत ती ०.३ टक्क्यांवर आणण्याचे मजूर पक्षाच्याच सरकारने फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केले.