गिरणीचा रंग आणि माटुंग्याची प्रयोगशाळा

माझे वडील परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. ते सांगत, कापूस आपला, हात आपले, रंगाचे डबे मात्र साहेबाच्या नाहीतर जर्मनांच्या देशातले. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, तो गिरण्यांच्या या शहरात. पुढे सगळे त्याला यूडीसीटीच म्हणू लागले. सुरुवातीला विषय दोनच: वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. पुढे विभाग माटुंग्याला गेला, गिरणगावाच्या अगदी शेजारी.

१९३८ मध्ये के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. ज्यांच्या नावाची अभिक्रिया जगभर शिकवली जाते, त्या माणसाने सुताला रंग कसा धरतो हा प्रश्न कमी प्रतीचा मानला नाही. कृत्रिम रंगांवरच्या त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली आले. उद्योगाने पैसा द्यायचा आणि विद्यापीठाने हुकूम झेलायचा, असा व्यवहार मला मान्य नाही. इथे प्रश्न गिरणीचा असला, तरी उत्तराची खोली प्राध्यापक ठरवत. १९५७ मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक म्हणून गेले, आणि रंगांचे संशोधन तिथेही चालू राहिले.