बिनपिसांच्या बाणाची कसोटी

बाणाच्या मागच्या टोकाची पिसे दोन गोष्टी करतात. बाण तिरका सुटला तर हवेचा रेटा त्यांच्यावर बसतो आणि बाण ओळीत येतो. पण बाण मुळात तिरका का सुटला, हेही त्याच पिसांमुळे झाकले जाते. पिसे न लावलेला बाण, तिरंदाजांच्या बोलीत ‘बेअर शाफ्ट’, धनुष्यातून जसा सुटला तसाच जातो. तो कुठे रुतला आणि पिसांचे बाण कुठे रुतले, यांतला फरक पाहून धनुष्य जुळवण्याची रीत आज जगभरच्या मैदानांवर रूढ आहे. धनुष्य हजारो वर्षांचे असले तरी ही रीत अलीकडची आहे. सुटताना बाण वाकतो हे डोळ्यांनी दिसायला, ते वाकणे मोजता यायला आणि धनुष्यात बारीक फेरफाराची सोय व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

त्याआधी जुळणीचा सारा भार बाणावर होता. लाकडी धनुष्य एकदा घडले की त्यात फिरवण्याजोगे काही उरत नसे. रॉजर अ‍ॅशम यांचा ‘टॉक्सोफिलस’ हा इंग्रजीतला धनुर्विद्येचा ग्रंथ 1545 साली निघाला. त्यात दांड्याला चालणाऱ्या पंधरा लाकडांची यादी आहे, पिसांची तपशीलवार चर्चा आहे आणि धनुर्धराच्या ढबीप्रमाणे दांड्याची घडण वेगळी हवी असा आग्रहही आहे. त्याच वर्षी ‘मेरी रोझ’ ही इंग्रजी युद्धनौका बुडाली. 1982 मध्ये तिचा सांगाडा वर काढला गेला; या नौकेच्या अवशेषांत 137 धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले, बहुतेक पॉप्लरच्या लाकडाचे. युद्धात बाणांचा वर्षाव करायचा असे. तिथे एकेका बाणाची एकेका धनुष्याशी जुळणी करणे शक्यही नव्हते आणि फारसे गरजेचेही नव्हते.

पिसांवाचून बाण उडतच नाही, असे मात्र नाही. न्यू गिनीतल्या शिकारी लोकांचे बाण परंपरेने बिनपिसांचेच असतात. लांब, हलका दांडा आणि पुढे कठीण लाकडाचे जड टोक, अशी त्यांची रचना. वजन पुढे असल्यामुळे थोड्या अंतरापर्यंत बाण सरळ जातो.

धनुष्यातून सुटताना बाणाचे नेमके काय होते, हा प्रश्न नीट मांडला गेला तो अमेरिकेत. उजव्या हाताचा धनुर्धर बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकवतो. दोरी पुढे येत जाते तसे धनुष्याची मूठ आड आल्याने बाणाचे टोक डावीकडे वळायला हवे, तरीही बाण नेमावर लागतो. रॉबर्ट एल्मर या डॉक्टर-तिरंदाजाने 1913 च्या सुमारास याला ‘तिरंदाजाचा विरोधाभास’ म्हटले. उत्तर मिळाले कॅमेऱ्यातून. क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात अतिवेगवान चित्रणाने दाखवून दिले की बोटांवरून दोरी निसटताच बाण बाजूला वाकतो, उलट दिशेने वाकतो आणि मुठीला वळसा घालत पुढे जातो. बाण फार ताठ असला तर त्याला वळसा जमत नाही, तो डावीकडे ढकलला जातो. फार लवचिक असला तर उजवीकडे भरकटतो. धनुष्याच्या जोराला साजेसा ताठपणा हवा, हे आता अनुभवाचे मत राहिले नाही, त्यामागचे कारणही हाती आले.

या ताठपणाला ‘स्पाइन’ म्हणतात. लाकडी दांडा 26 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायचा, मध्यभागी 2 पौंडांचे वजन टांगायचे आणि दांडा किती लवतो ते पाहायचे. 0.52 इंच लवला, तर 26 ला त्या आकड्याने भागून 50 पौंडांचा स्पाइन ठरतो. पण एकाच झाडाचे दोन दांडेही सारखे लवत नाहीत. ही अडचण जेम्स ईस्टन यांनी सोडवली. 1922 पासून कॅलिफोर्नियात लाकडी बाण बनवणाऱ्या या कारागिराने 1939 मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बाण केले. 1941 साली लॅरी ह्यूज यांनी याच बाणांनी अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. नळीचा व्यास आणि पत्र्याची जाडी ठरली की डझनभर बाण एकसारखे मिळू लागले. बिनपिसांच्या कसोटीला याची नितांत गरज होती, कारण तुलना करायची ते बाण पिसे सोडून बाकी सर्व बाबतींत सारखेच हवेत.

पुढची भर धनुष्यात पडली. मुठीत खिडकी कापून बाण जवळजवळ मध्यरेषेवर आणला गेला, आणि त्याला बाजूने टेकू देणारे स्प्रिंगचे बटन आले. अमेरिकी तिरंदाज व्हिक बर्जर यांच्या नावाने ते ‘बर्जर बटन’ म्हणून ओळखले जाते. जुळणीची दिशाच त्यामुळे उलटली. पूर्वी धनुष्याला साजेसा बाण शोधत; आता हाती असलेल्या बाणासाठी धनुष्य फिरवता येऊ लागले.

कसोटी साधी आहे. 18-20 मीटरवरून पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन-तीन बाण एकाच नेमावर मारायचे. तोल बिघडू नये म्हणून बिनपिसांच्या बाणाला पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी गुंडाळतात. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बिनपिसांचे बाण डावीकडे गेले, तर बाण ताठ ठरतो. बटनाची स्प्रिंग सैल करतात, धनुष्याचा जोर वाढवतात किंवा बाणाचे टोक जड करतात. ते उजवीकडे गेले तर याच्या उलट. वर गेले तर दोरीवरचा बाणाची खाच लावण्याचा बिंदू खाली आहे, तो वर घ्यायचा. खाली गेले तर खाली आणायचा. आधी हा बिंदू पक्का करून मगच बाजूचा फरक हाताळणे शहाणपणाचे, कारण वर-खाली डुलणारा बाण मुठीला घासला की बाजूचेही चुकीचे निदान होते.

बिनपिसांचा बाण धनुष्याबरोबर हाताचीही चूक दाखवतो. सोडताना बोटे अडखळली की तो भलतीकडे जातो. म्हणून एका बाणावरून काही ठरवायचे नसते आणि नवशिक्यासाठी ही कसोटी घाईची ठरते. आणखी एक मर्यादा हॉलिस अ‍ॅलन यांच्या कंपाउंड धनुष्याने आणली, ज्याचे पेटंट 1969 मध्ये मिळाले. या धनुष्यावर दोरी बहुधा यांत्रिक कळीने सोडतात, त्यामुळे बाण बाजूला फारच कमी वाकतो. कंपाउंडवरही बिनपिसांचे बाण मारले जातात, पण तिथे फरक दिसला तर बटनाऐवजी बाणाच्या टेकूची जागा आणि धनुष्याच्या टोकांवरील चाकांची जुळणी तपासली जाते.