कोजागरीचे जोडेघाट

गणपती उठले की आमच्या घरांतून पुढच्या सणांची मोजणी सुरू होते. पितृपक्ष, घट, दसरा आणि मग कोजागरी. त्या रात्री दूध आटते, चंद्र दाखवला जातो, मुलांना जागायची मुभा मिळते. त्याच दिवशी, आपल्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या केरामेरीच्या डोंगरांत, जोडेघाटला गोंड आणि कोलाम बांधव मोठ्या संख्येने जमतात. त्यांच्यासाठी आश्विन पौर्णिमा म्हणजे हुतात्मा कुमराम भीम यांची पुण्यतिथी. तेलुगूत त्यांना कोमरम भीम म्हणतात. १९४० साली निजामाच्या पोलिसांशी लढताना ते जोडेघाटला पडले. इंग्रजी तारखेबाबत पुस्तकांत मतभेद आहेत. जोडेघाट मात्र तिथीच पाळते.

१४ जानेवारी १७६१ आम्हां मराठी माणसांना पाठ असते. पानिपत इथून शेकडो कोस दूर, तरी 'संक्रांत कोसळली' हे शब्द आमच्या बोलण्यात आजही येतात. मग घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर झालेली लढाई आमच्या पंचांगात का नाही, हा प्रश्न यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने स्वतःला विचारावासा वाटला.

भीम यांचा जन्म १९०१ च्या सुमारास आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा मानतात. वडील लवकर गेले. कुटुंब सुरदापूरला आले आणि जंगल साफ करून शेती करू लागले. पीक हाताशी आले तेव्हा त्या जमिनीवर दुसऱ्याने हक्क सांगितला. भांडणात सिद्दीक नावाचा माणूस मारला गेला आणि तरुण भीम यांना मुलूख सोडावा लागला. ते चांद्याकडे गेले. तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याने त्यांना आसरा दिला आणि लिहा-वाचायला शिकवले, अशी आठवण सांगतात. पुढे काही वर्षे आसामच्या चहामळ्यांत मजुरी करून ते परतले.

परतले तेव्हा डोंगरातले संकट वाढलेलेच होते. सरकारने जंगल राखीव करून हद्दी आखल्या होत्या. ज्या रानात वाडवडिलांनी पेरले, तिथे पेरणे आता गुन्हा होता. गुरे चारायला, सरपण आणायला वनरक्षकांना पैसे मोजावे लागत. महसुलाचे दफ्तर उर्दूत होते, ते गोंडांना वाचता येत नसे. पट्टा कुणाच्या नावे चढला, हे जमीन गेल्यावरच कळे. भीम यांनी आधी अर्जविनंत्या केल्या. बाबेझरी, पटनापूर, जोडेघाट अशा बारा गावांचा कारभार गोंडांच्या हाती असावा, ही मागणी त्यानंतरची. 'जल, जंगल, जमीन' हे शब्द आज त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहेत. बोलणी फिसकटली, पोलीस डोंगरावर चढले आणि बंदुकांपुढे भीम व त्यांचे साथीदार पडले. जे वाचले, त्यांत कोमरम सूरू होते. पुढे अनेक वर्षे ते या लढाईची जिवंत साक्ष होऊन राहिले. या आठवणींच्या आधारे अल्लम राजय्या आणि साहू यांनी तेलुगूत भीम यांच्यावर कादंबरी लिहिली. आमच्या नातवंडांना हे नाव 'आरआरआर' चित्रपटामुळे कळले. तो भीम कल्पनेतला. खरा भीम शेताच्या पट्ट्यासाठी लढला.

लढाई हरली, पण तिने सरकारला जागे केले. निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे डोंगरातल्या परिस्थितीचा अभ्यास सोपवला. ते पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईला राहिले. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. गोंडी भाषेची पहिली वाचने देवनागरीत छापली गेली, कारण डोंगरातल्या पुष्कळ गोंडांना मराठी येत होती. हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. केसलापूरला नागोबाच्या जत्रेत गाऱ्हाणी ऐकणारा दरबार भरू लागला, तो आजही भरतो.

आता जे लिहायचे, ते आम्हांला जड जाते. हायमेनडॉर्फ यांनी गोंडांच्या हातून जमीन कशी गेली ते नोंदवले, तेव्हा बाहेरून आलेल्यांत तेलुगू आणि मुसलमान जमीनदारांबरोबर मराठी कास्तकार आणि सावकारही त्यांना दिसले. म्हणजे आम्हीही. आमचे पूर्वज पैनगंगा ओलांडून काळ्या जमिनीच्या आणि कापसाच्या ओढीने आले. बहुतेकांनी घाम गाळला, यात शंका नाही. पण काहींच्या शेताची हद्द कर्जाच्या कागदावरून पुढे सरकली, हेही खरे. आमची भाषा गोंडांना कळत होती, आमचे कागद मात्र कळत नव्हते.

हा प्रश्न १९४० ला मिटला नाही. १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम आणि १९७० ची त्यातली कडक दुरुस्ती यांनी अनुसूचित भागात आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यास बंदी घातली. तरीही २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीत जमिनीचीच गाऱ्हाणी घेऊन जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. तिथला स्तंभ रस्त्याने जाताना आपण सर्वांनी पाहिला आहे. थांबून पाहिला आहे का?

२०१६ मध्ये जिल्हा विभागला गेला आणि एका भागाला कुमराम भीम आसिफाबाद हे नाव मिळाले. जोडेघाटला स्मारक आणि संग्रहालय झाले. सरकारने आपले काम केले. आमचे काम उरले आहे.

ते फार मोठे नाही. यंदा कोजागरीला दिवसा जोडेघाटला जाऊन यावे. भाषण नको, हार पुरे. आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या मोडीतल्या वह्या, खाती, गहाणखते असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जाणकारांकडून वाचून घ्यावीत. त्यात एखादे गोंड नाव, एखाद्या शेताची हद्द, एखादा अंगठा सापडेल. तो इतिहास आमचाही आहे आणि त्यांचाही.

कोजागरीला लक्ष्मी 'कोण जागा आहे?' असे विचारत फिरते, म्हणतात. आदिलाबादच्या डोंगरांत हा प्रश्न १९४० पासून विचारला जात आहे. रात्री परत येऊन दूध प्यायला बसू, तेव्हा आपल्याला त्याचे उत्तर देता यावे.