दुर्ग : दगडाचा आणि श्रद्धेचा

मराठी बायबलातील स्तोत्रांत ईश्वराला ‘दुर्ग’ आणि ‘गड’ म्हटलेले आढळते. गडकोटांच्या प्रदेशात वाढलेल्या वाचकाला ही भाषा परकी वाटत नाही. मात्र या रूपकाचे बळ दुर्गाच्या अभेद्यतेत नसून त्याच्या पतनाच्या अनुभवात आहे.

यबूसी लोकांना सियोनगड अजिंक्य वाटे. दावीदाने तोच घेऊन तेथे राजधानी केली. यहूदाचे तटबंद लाखीश इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीबाने जिंकले आणि त्या वेढ्याची शिल्पे निनवेच्या राजवाड्यात कोरविली. पुढे बाबिलोनी सैन्यापुढे यरुशलेमही पडले. तट पडतात हे जाणणारी प्रजाच न पडणाऱ्या आश्रयाचा शोध घेते.

बंगळूरचा इतिहास याहून निराळा नाही. केंपेगौडाने १५३७ मध्ये मातीचा कोट घातला. १६३८ मध्ये तो विजापूरकरांनी घेतला आणि शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. हैदर अलीने १७६१ मध्ये दगडी तटबंदी उभारली. २१ मार्च १७९१ च्या रात्री कॉर्नवॉलिसचे सैन्य तिच्या खिंडारातून आत शिरले. आज दिल्ली दरवाजा आणि थोडा तट एवढेच उरले आहे.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तर तटबंदीला मानवी अहंकाराचे प्रतीक मानतो आणि ती पाडावयास सांगतो. म्हणजे एकच प्रतिमा शरणागताचा आश्रय होते आणि गर्विष्ठाचा कोंडवाडाही. ती कोणत्या अर्थाने घ्यावयाची, हे तटामागे उभ्या असलेल्या माणसाच्या वृत्तीवरून ठरते.