बंदी मोडून घडलेले संत

चांद्याजवळच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रापायी देशभरातली माणसं इथं येऊन राहिली, त्यांत ख्रिस्तीही. चांद्याला १९६२मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चचं वेगळं धर्मक्षेत्रही झालं. इथल्या ख्रिस्ती घरात फळीवर दिसणारा संत बहुधा साच्यातून निघालेला, प्लास्टरचा. पण आमचा मुलूख सागवानाचा. २०२३मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी साग बल्लारपूरहूनच गेला. मूर्ती दिसली की लाकूड कोणतं आणि हात कुणाचा, हे विचारायची इथल्या माणसाला खोड असते. संतांच्या बाबतीत हात विचारला, की माग निघतो गोव्याचा.

१५४२मध्ये फ्रान्सिस झेविअर गोव्यात उतरले. पुढं चर्चं भराभर उभी राहिली. प्रत्येक वेदीला मूर्ती हवी आणि घराघरातल्या छोट्या देव्हाऱ्यालाही. एवढ्या मूर्ती लिस्बनहून कुठून येणार? पटाशी चालवणारे हात स्थानिक होते आणि त्यांतले बरेच हिंदू. हे धर्मगुरूंना खुपलं. १५६७च्या प्रांतिक धर्मपरिषदेनं बिगरख्रिस्ती कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करून घ्यायला मनाई केली. तसे हुकूम पुनःपुन्हा निघत राहिले, म्हणजे ते कुणी फारसे पाळत नसावेत.

त्याची साक्ष मूर्तीच देतात. सतराव्या शतकातला हस्तिदंती ‘चांगला मेंढपाळ’ बघा. वीतभर उंचीचा बाळ येशू टेकडीच्या माथ्यावर पाय दुमडून बसलाय, गाल उजव्या हाताच्या बोटांवर टेकलाय, डोळे मिटलेले. खांद्यावर कोकरू, मांडीवर दुसरं. खाली झऱ्यावर मेंढ्या पाणी पिताहेत आणि तळाच्या गुहेत मेरी मॅग्दालीन आडवी पडलीय. ही गाढ शांत बैठक युरोपच्या मेंढपाळाची नव्हे. अभ्यासकांना तिच्यात बुद्ध दिसतो. मला गुराखी कृष्णही दिसतो, पण तो माझा चष्मा असेल.

हस्तिदंत यायचा मोझांबिकहून, कोरला जायचा गोव्यात आणि बराचसा जहाजानं युरोपात. काही मूर्तींचे फक्त चेहरे आणि हात दंताचे, बाकी अंग लाकडाचं. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६मध्ये बंद झाला, आफ्रिकी दंताचा १९९१मध्ये. जुनं काम बघायचं तर ओल्ड गोव्याच्या सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय गाठावं.

मूर्ती मात्र वेदीवर बसून राहिली नाही. गोवा वेल्हा इथं ईस्टरआधीच्या उपासकाळात पोशाख घातलेल्या संतांची मिरवणूक खांद्यावरून निघते. सायबीण, म्हणजे मरियेची मूर्ती, गावात एका घरून दुसऱ्या घरी मुक्कामाला जाते. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तर हिंदूही तेल वाहतात. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीणच ना!

चित्रकार आंजेलो द फोन्सेका या सगळ्याच्या शेवटी येतात. १९०२मध्ये गोव्यात जन्म, शांतिनिकेतनात शिक्षण. घडवणारा हात आता अस्सल कॅथलिक होता, मूर्तीऐवजी चित्रं होती आणि त्यांतली मरिया साडी नेसलेली. यावरही गोव्यातल्या चर्चमंडळींनी नाकं मुरडली. १५६७मध्ये हात परका म्हणून हरकत, इथं लुगडं परकं म्हणून. फोन्सेका पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि १९६७मध्ये जाईपर्यंत साडीतलीच मरिया रंगवत राहिले.