दोष चिपचा, तोड ड्रायव्हरची

भांडुपला लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांत ज्यांनी लेथ चालवले, त्यांना ही युक्ती ठाऊक आहे. स्क्रू झिजून सैल झाला की माप चुकते. नवे यंत्र तर लगेच मिळत नाही. मग कारागीर चाक नेहमी एकाच दिशेने फिरवत मापावर आणतो. वेळ थोडा जास्त जातो, पण नग बरोबर उतरतो. संगणकाच्या इतिहासात या युक्तीचे एक ठळक उदाहरण आहे.

काळ १९९४-९५ चा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले ४८६ आणि पेंटियम संगणक मुंबईच्या उपनगरांतल्या कचेऱ्यांत शिरत होते. त्याच सुमारास जगभरच्या अनेक मदरबोर्डांवर हार्ड डिस्कचा कारभार दोन चिपांकडे होता: पीसी-टेकची आरझेड १००० आणि सीएमडी टेक्नॉलॉजीची सीएमडी ६४०. दोन्ही सदोष निघाल्या.

डिस्कवरची माहिती तेव्हा ५१२ बाइटच्या तुकड्यांनी येत असे. वेग वाढावा म्हणून या चिपा पुढची माहिती आधीच वाचून जवळ ठेवत. वाचन चालू असताना फ्लॉपीसारख्या दुसऱ्या उपकरणाने प्रोसेसरला मध्येच हाक मारली, तर या साठ्यात गोंधळ होऊन चुकीचे बाइट पुढे जात. एका वेळी एकच काम करणाऱ्या डॉसमध्ये हे क्वचित घडे. अनेक कामे एकत्र चालवणाऱ्या ओएस/२, विंडोज एनटी आणि लिनक्समध्ये धोका मोठा होता. शिवाय पडद्यावर चुकीची सूचना येत नसे. खातेवहीतला आकडा बदलला, तरी मालकाला त्याचा पत्ता लागत नसे.

पेंटियमच्या भागाकारातील दोष त्याच वेळी गाजला होता. डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलने प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. प्रोसेसर सॉकेटमधून काढता येतो. डिस्कची चिप मात्र बोर्डावर डाक लावून बसवलेली. ती बदलायची तर बोर्डच बदलावा लागणार.

म्हणून तोड ड्रायव्हरमध्ये काढावी लागली. लिनक्समध्ये मार्क लॉर्ड आणि इगोर अब्रामोव्ह यांनी सीएमडी ६४० साठी ड्रायव्हर लिहिला. या चिपचे दोन मार्ग एकाच वेळी वापरणे धोक्याचे होते, म्हणून ड्रायव्हर एकाचे काम संपल्यावरच दुसऱ्याला सोडत असे. आरझेड १००० आढळली की आगाऊ वाचन बंद केले जाई. ते बंद करता आले नाही, तर वाचन संपेपर्यंत इतर उपकरणांच्या हाका थोपवून धरल्या जात. डिस्कचा वेग काही टक्क्यांनी घटेल, पण माहिती शाबूत राहील, असे या पर्यायाच्या माहितीतच स्पष्ट लिहिलेले होते.

म्हणजे वेगासाठी घातलेली सोयच बंद करून चिप विश्वासार्ह करावी लागली. दोष कारखान्यातला; त्याची किंमत मोजली ती ग्राहकाने, संथ डिस्कच्या रूपाने. ज्याच्याकडे ही दुरुस्ती पोहोचलीच नाही, त्याने कदाचित आपल्या नोंदी गमावून. या चिपा केव्हाच भंगारात गेल्या, पण त्यांच्या दोषांची नोंद ड्रायव्हरच्या ओळींत राहिली. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्याने कंपनीच्या जाहिरातपत्रकाशेजारी या ओळीही ठेवून वाचाव्यात. यंत्र प्रत्यक्षात कसे चालले, हे त्यांतून कळते.